मार्कोवा: एक पोलिश खेडं, जर्मन अंमलाची पाच वर्षं आणि एक माळा

सांजवेळ
रविवार, रात्री १०.१५

क्राकुवला येऊन मला चार वर्षं होतील. घरचे आले की त्यांना आउशविट्झला घेऊन जाते, दोनदा नेलं. तिथून परतताना माणूस सुन्न असतो, पण एक गोष्ट मला तिथे कधी कळली नाही. परक्या अंमलाखाली रोजचं जगणं कसं चालायचं? दूध कुणाला घालायचं, दळण कुठे दळायचं, शेजाऱ्यावर किती भरवसा ठेवायचा? ते थोडंफार कळलं मार्कोवा नावाच्या खेड्यात. गेल्या महिन्यात दुसऱ्यांदा जाऊन आले, तेव्हापासून लिहायचं घोळतंय. लांबेल, सांभाळून घ्या.

गाव पोलंडच्या आग्नेय कोपऱ्यात आहे. झेशुवहून रेल्वेनं वाइन्त्सुत आणि तिथून आठ-दहा किलोमीटर. चौदाव्या शतकात जर्मन वसाहतकऱ्यांनी वसवलेलं. पुढे काही पिढ्यांत ती माणसं पूर्ण पोलिश होऊन गेली. ओढ्याच्या दोन्ही अंगांना लांबच लांब घरं, आणि घरामागे त्या त्या घराची शेताची पट्टी. युद्धाआधी वस्ती साडेचार हजारांच्या आसपास, म्हणजे देशातल्या मोठ्या खेड्यांपैकी एक. त्यात साधारण १२० ज्यू होते.

गाव जागं होतं. शेजारच्या गाच गावात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी लोकविद्यापीठ चालायचं आणि मार्कोवात १९३६ मध्ये पोलंडमधली पहिली आरोग्य सहकारी संस्था उभी राहिली. शेतकऱ्यांनी भाग घ्यायचे आणि त्यातून गावाला डॉक्टर मिळवायचा. आपल्याकडे सहकार म्हटलं की कारखाना आणि दूधसंघ डोळ्यांपुढे येतो. इथे लोकांनी दवाखान्यापासून सुरुवात केली.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन आले. हा मुलूख त्यांनी थेट जर्मनीला जोडला नाही. 'जनरल गव्हर्नमेंट' नावाची वेगळी व्यवस्था केली आणि तिचा गव्हर्नर हान्स फ्रांक क्राकुवच्या वावेल किल्ल्यावर राजासारखा राहू लागला. खेड्यापुरता या अंमलाचा अर्थ होता 'कोंतिन्गेंत', म्हणजे सक्तीची लेव्ही. धान्य, दूध, बटाटे, जनावरं, सगळ्याचा ठरलेला वाटा द्यायचाच. डुकराच्या कानाला बिल्ला ठोकलेला असे. बिल्ल्याचं डुक्कर घरात गुपचूप कापलं तर जिवावर बेतायचं. आणि घरच्या जात्यावर दळायला बंदी! धान्य किती आहे ते दळणावरून कळतं, म्हणून. तरी लोक रात्री दाराखिडक्यांवर गोधड्या टाकून दळत. गावातल्या जुन्या घरांच्या संग्रहालयात एक जातं मी हात लावून बघितलं. दगड आपल्यासारखेच दोन, पण खुंटा लांब, त्याचं वरचं टोक छताच्या बाजूला अडकवलेलं, त्यामुळे उभ्यानं फिरवायचं. घरघर मात्र तीच. ती घरघर शेजारी ऐकू गेली तर काय, या धास्तीत कुणीतरी हे फिरवलं असेल.

तरुण पोरांना कामाला जर्मनीत पाठवायचं, त्याचीही संख्या ठरलेली. गावच्या सोउतिसनं, म्हणजे पाटलानं, ती भरून द्यायची. जर्मन शिपाई गावात कायमचे नसतच. वाइन्त्सुतच्या ठाण्यावर मोजके जर्मन जेन्डार्म, म्हणजे सशस्त्र पोलिस, हाताखाली निळ्या गणवेशातले पोलिश पोलिस, आणि गावात पाटील, रखवालदार, अग्निशामक दलाची पोरं. एवढ्यावर सगळा कारभार.

१५ ऑक्टोबर १९४१ ला फ्रांकचा हुकूम निघाला: ठरवून दिलेली वस्ती सोडणाऱ्या ज्यूला मृत्युदंड, त्याला आसरा देणाऱ्यालाही तोच. पुढच्या वर्षी, १९४२ च्या उन्हाळ्यात, या भागातल्या ज्यूंना पेउकिनिएच्या छावणीत गोळा करून बेउझेत्सला नेऊन मारलं. काही जण निसटले. रानात, ओढ्याकाठच्या घळीत, गवताच्या गंजीत लपले आणि थंडी पडल्यावर दारं वाजवू लागले.

त्यातलं एक दार युझेफ उल्माचं होतं. जन्म १९००, शेती थोडी, उद्योग फार. फळझाडांची रोपवाटिका, मधमाश्या, रेशमाचे किडे. पेट्या स्वतःच्या डोक्यानं बनवलेल्या, त्याबद्दल १९३३ मध्ये प्शेवोर्स्कच्या प्रदर्शनात बक्षीसही मिळालं. घराला छोटी पवनचक्की लावून दिवा पेटवला. आणि फोटो! लग्नं, बारसं, शेतातली माणसं, स्वतःची बायको, पोरं, सगळं गाव त्याच्या कॅमेऱ्यात आहे. बायको विक्तोरिया त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. एका फोटोत ती पोराच्या हाताला धरून त्याला वहीत अक्षर गिरवायला लावतेय. फोटो काढणारा कोण, हे ठाऊक असल्यामुळे तिची ती मान वाकवलेली मला बघवत नाही.

१९४२ च्या उत्तरार्धात उल्मांनी वाइन्त्सुतच्या एका ज्यू कुटुंबातले पाच पुरुष आणि गावातल्याच दोन बहिणी व एक छोटी मुलगी, असे आठ जण माळ्यावर ठेवून घेतले. घर लाकडी, लहान, गावाच्या कडेला. खाली सहा पोरं. सगळ्यात मोठी स्ताशा, मग बार्बारा, व्वादिस्वाव, फ्रान्चिशेक, अंतोनी आणि धाकटी मारिया. हे सगळं सव्वा वर्ष चाललं. माळ्यावरची माणसं कातडी कमावायच्या कामात युझेफला हात लावत, लाकडं कापत. लाकूड कापतानाचा फोटोही त्यानं काढून ठेवलाय.

२४ मार्च १९४४ ची पहाट. आदल्या रात्री आसपासच्या गावांतून चार घोडागाड्या मागवल्या होत्या. लेफ्टनंट आयलर्ट डीकेन, चार जेन्डार्म आणि काही निळे पोलिस. गाड्या लांब उभ्या करून ते घराकडे गेले. आधी माळ्यावरच्यांना मारलं, काहींना झोपेतच. मग युझेफ आणि विक्तोरियाला घरापुढे आणून गोळ्या घातल्या, गाडीवानांना मुद्दाम बघायला लावून. विक्तोरियाचे दिवस भरत आले होते. मग पोरं. मृतदेह पुरायला माणसं घेऊन आलेल्या पाटलानं डीकेनला विचारलं की पोरांना का मारलंत. उत्तराचा मतलब असा, की गावाच्या गळ्यात त्यांचं लोढणं नको म्हणून.

पुढे घर लुटलं आणि तिथेच दारू प्यायले. काही दिवसांनी गावातली पाच माणसं जिवावर उदार होऊन रात्री गेली, उल्मांचे देह उकरून शवपेट्यांत ठेवून पुन्हा पुरले. तेव्हा दिसलं, की मरताना विक्तोरियाला बाळंतपण सुरू झालं होतं.

२०१६ पासून तिथे संग्रहालय आहे. आत मधोमध उल्मांच्या घराच्या आकाराची काचेची खोली, त्यात युझेफचा कॅमेरा. आणि रक्ताचे डाग पडलेला एक फोटो. त्यापुढे किती वेळ उभी होते, सांगता येत नाही.


कृष्णाकाठ
रविवार, रात्री ११.०२

ताई, जात्याचा भाग वाचून पुढे जाववेना. आम्ही कोल्हापूरचे. आजोबा वळिवड्याच्या पोलिश कॅम्पात दूध घालायचे. तिथल्या बायका मोडकं मराठी बोलायच्या, कॅम्पात चर्च होतं, शाळा होती, हे सगळं त्यांच्याकडून ऐकलंय. महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, येता-जाता दिसतो. ती माणसं मार्कोवासारख्याच गावांतली का? आणि हिटलरपासून पळून आली असतील तर एवढ्या लांब कोल्हापूरला कशी पोचली?


सांजवेळ
रविवार, रात्री ११.४०

कृष्णाकाठ, ती माणसं हिटलरच्या तावडीतली नव्हती, स्टालिनच्या होती. १ सप्टेंबर १९३९ ला पश्चिमेकडून जर्मन घुसले आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत. देशाचे दोन तुकडे झाले. पूर्वेकडच्या लाखो पोलिश लोकांना १० फेब्रुवारी १९४० पासून मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेलं. १९४१ मध्ये हिटलरनं रशियावरच चढाई केली, तेव्हा स्टालिनला पोलिश लोकांची गरज पडली, करार झाला आणि त्यांना सोडलं. ती इराणमार्गे बाहेर पडली आणि त्यातली पाचएक हजार, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं, १९४३ पासून वळिवड्यात येऊन राहिली. १९४८ पर्यंत होती.

आता एक गोष्ट सांगते, ती वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. युद्धाच्या तोंडावर उल्मांनी सोकालजवळ वोइस्वावित्से इथे पाच हेक्टर जमीन घेतली होती. पोरं वाढत होती, मार्कोवात जमीन कमी, तिकडे स्थायिक व्हायचं ठरलेलं. युद्धामुळे राहून गेलं. तो भाग सोव्हिएत वाट्याला आला. गेले असते तर मालगाडीत चढवले गेले असते कदाचित. त्यातून वाचले असते तर तुमच्या आजोबांचं दूध स्ताशा-बार्बाराच्या पेल्यात पडलं असतं.


रानपाखरू
सोमवार, सकाळी ७.२०

वाचलं. आज कामात लक्ष लागणार नाही.


तुतीचा_मळा
सोमवार, दुपारी १.०५

मी बीड जिल्ह्यातला, सात वर्षं रेशीम शेती करतोय. एवढ्या थंडीत तुती जगते? आणि एवढ्याशा घरात किडे, पोरं आणि वर माळ्यावर आठ माणसं, हे कसं जमवलं असेल त्यांनी?

माझा अनुभव सांगतो. किडे चौथी कात टाकून उठले, की शेवटचे सात-आठ दिवस नुसती खादाडी. रात्री संगोपनगृहात गेलं तर पाला खाण्याचा आवाज पावसासारखा ऐकू येतो. त्या दिवसांत घरातलं कुणी आजारी पडून चालत नाही, पाहुणा आलेला चालत नाही. पाला तोडायला सगळे हात लागतात. युझेफनं अंडीपुंज कुठून आणले असतील, चंद्रिका, म्हणजे किडे कोष विणतात त्या जाळ्या, कशाच्या केल्या असतील, असं मनात येत राहिलं. असा माणूस नवीन काही दिसलं की करून बघणारा असतो. आमच्याकडे पहिल्यांदा तुती लावली तेव्हा भावकीतल्यांनी वेड्यात काढलं होतं, म्हणून सांगतो.


सांजवेळ
सोमवार, रात्री ९.१०

दादा, पांढरी तुती इकडची थंडी सोसते. झाड हिवाळ्यात उघडंबोडकं उभं असतं, पण मे महिन्यात पालवतं. म्हणजे तुमच्यासारख्या वर्षभर बॅचेस घेता येत नाहीत, उन्हाळ्यातच काय ते. रेशमाचं काम माळ्यावर माणसं यायच्या बऱ्याच आधीचं आहे. त्या उद्योगाची कीर्ती प्शेवोर्स्कच्या राजवाड्यापर्यंत गेली होती. आणि युझेफ गावातल्या तरुणांच्या शेतकरी संघटनेत होता, ग्रंथालय बघायचा. वेड्यात काढणारे त्यालाही भेटलेच असतील.


गोदाकाठची
सोमवार, रात्री ९.५५

यांच्या घरात सापडलेल्या बायबलबद्दल कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून लिहिते. त्यात दयाळू शोमरोन्याच्या दाखल्याच्या मथळ्याखाली लाल रेघ मारलेली आहे आणि शेजारी पोलिशमध्ये एकच शब्द: 'ताक', म्हणजे 'होय'. आमच्या मराठी बायबलात समॅरिटनला शोमरोनी म्हणतात. रस्त्यात लुटून अर्धमेला टाकलेला माणूस. याजक बघून पुढे जातो, लेवी, म्हणजे मंदिराचा सेवक, बघून पुढे जातो आणि ज्याचा ज्यूंशी वैरभाव तो शोमरोनी थांबतो. नगरला आमच्या पाळकसाहेबांनी या दाखल्यावर कितीतरी वेळा प्रवचन दिलंय. मार्जिनमध्ये 'होय' लिहिणारा पहिल्यांदाच कळला.

सप्टेंबर २०२३ मध्ये पोपनी या सगळ्या कुटुंबाला धन्य घोषित केलं, पोटातल्या बाळासकट.


निरगाठ
मंगळवार, सकाळी १०.३०

सांजवेळ, लेख मनापासून लिहिलाय, त्यात शंका नाही. पण एक मोठी गाळलेली जागा आहे. हे वाचून कुणालाही वाटेल, की गाव एका बाजूला आणि जर्मन दुसऱ्या बाजूला. डिसेंबर १९४२ मध्ये याच मार्कोवात ज्यूंची शोधमोहीम झाली. ती करणारे जर्मन नव्हते. गावचे रखवालदार आणि अग्निशामक दलाची माणसं घरं, गोठे, घळी धुंडाळत फिरली. पकडलेल्यांना गावच्या कोठडीत डांबलं आणि दुसऱ्या दिवशी जर्मनांनी येऊन त्यांना गोळ्या घातल्या. हे न सांगता उल्मांची गोष्ट सांगितली तर ती गावाची आरती होते. पोलंडमधल्या सरकारी कथनात हेच होतं, हे तुम्हाला तिथे राहून ठाऊक असणार. २०१८ मध्ये तर नाझी गुन्ह्यांचा ठपका पोलंडवर ठेवण्याविरुद्ध कायदाच आणला होता.


कृष्णाकाठ
मंगळवार, सकाळी ११.१५

निरगाठ, मुद्दा बरोबर असेल, पण डोक्यावर बंदूक असताना पाटलानं काय करायचं होतं? हुकूम वरून आलेला. आपण इथे पंख्याखाली बसून त्यांचा न्याय करणं मला पटत नाही.


निरगाठ
मंगळवार, दुपारी १२.४०

हुकूम वरून आला, मान्य. पण हुकूम पाळण्यातही फरक असतो. कुणी गंजीला काठी लावून 'इथे कुणी नाही' म्हणत पुढे जातो, कुणी गंजी उपसून काढतो. दोन्ही प्रकार झाले. काही गावकऱ्यांनी त्या दिवशी लपलेल्यांना आधी निरोप पोचवला. म्हणूनच उपसून काढणाऱ्यांना 'नाइलाज होता' एवढं म्हणून मला सोडता येत नाही.


सांजवेळ
मंगळवार, रात्री १०.५०

निरगाठ, तुमचं बरोबर आहे आणि हे मी पहिल्याच लेखात लिहायला हवं होतं. ठाऊक होतं. उल्मांची गोष्ट लिहून झाल्यावर हात उचलला नाही, एवढंच खरं कारण आहे.

तेव्हा आता लिहिते. १३ डिसेंबर १९४२ ची ती मोहीम. किती जण सापडले याबद्दल इतिहासकारांचं एकमत नाही. सहापासून पंचवीस आणि त्याहून वर असे आकडे वेगवेगळ्या साक्षींत आहेत. ज्या जागी मारलं ती मेलेली जनावरं पुरायची जागा होती, 'ओकोप' म्हणतात तिला. आणि यात एक धागा सरळ उल्मांच्या घरापर्यंत जातो. गावात रिफ्की नावानं ओळखलं जाणारं एक ज्यू कुटुंब होतं, बायकांचंच. त्यांना लपायला युझेफनं ओढ्याजवळच्या घळीत खड्ड्याचं घर करून दिलं होतं, रसदही पोचवायचा. त्या बायका याच मोहिमेत सापडल्या आणि १४ डिसेंबरला मारल्या गेल्या. म्हणजे जे आपण हातानं बांधून दिलं, ते आपल्याच गावच्या माणसांनी हुडकून काढलेलं युझेफला माहीत होतं. शेजारी काय करू शकतात हे कळल्यावरही माळ्यावरची माणसं त्यानं घालवून दिली नाहीत, पुढे पंधरा महिने ठेवली. तुमचा मुद्दा सोडून उल्मांची गोष्ट सांगितली तर नेमकं हेच हरवतं. मी हरवलं होतं.

चुगली कुणी केली, तेही याच प्रश्नाला लागून आहे. संशय आहे तो वाइन्त्सुतच्या व्वोजिमिएश लेश या निळ्या पोलिसावर. माळ्यावरच्या कुटुंबाला आधी त्यानंच मोबदला घेऊन मदत केली होती, त्यांची मालमत्ता त्याच्याकडे होती. ती त्यांनी परत मागितली. फोटो काढायच्या निमित्तानं तो उल्मांकडे येऊन घर बघून गेला असं सांगतात. सप्टेंबर १९४४ मध्ये पोलिश भूमिगतांनी त्याला ठार केलं.

जर्मनांचं काय झालं ते इथेच सांगून टाकते. पोरांवर गोळ्या झाडणाऱ्या योसेफ कोकोटवर १९५८ मध्ये झेशुवला खटला चालला, फाशी झाली, ती कमी होऊन जन्मठेप आणि मग पंचवीस वर्षं. १९८० मध्ये तुरुंगात मेला. डीकेन युद्धानंतर पश्चिम जर्मनीत पोलिसातच नोकरी करत राहिला आणि १९६० मध्ये मेला. त्याच्यावर खटला झाला नाही.

कृष्णाकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. पण गावातल्या बाकी घरांबद्दल सांगते. शिलार कुटुंबाकडे वेल्ट्स घराण्यातले सात जण होते, बार कुटुंबाकडे रिझेनबाख घराण्यातले पाच. २४ मार्चला काय झालं ते दुपारपर्यंत साऱ्या गावाला कळलं होतं. या घरांनी आपापली माणसं त्यानंतरही हाकलली नाहीत. हे सगळे वाचले. गावात एकूण एकवीस ज्यू शेवटपर्यंत जगले, असं संग्रहालय सांगतं. त्यांना ठेवणाऱ्यांनाही बायकापोरं होती, आणि उल्मांच्या पोरांचं काय झालं ते त्यांना ठाऊक होतं.


रानपाखरू
बुधवार, सकाळी ८.०५

त्या घरांत २४ मार्चच्या रात्री नवराबायकोत काय बोलणं झालं असेल?


गोदाकाठची
बुधवार, दुपारी ३.३०

सांजवेळताई, एक विचारायचं होतं. तुमच्या पहिल्या लेखात सहाही पोरांची नावं आहेत. नंतर कोकोट आला, डीकेन आला, चुगली करणाऱ्याचं नाव आलं. माळ्यावरच्या आठ जणांचं एकाचंही नाव आलं नाही. मीही बायबलबद्दल लिहिलं आणि तेवढ्यावरच थांबले. नावं उपलब्ध आहेत का?


सांजवेळ
बुधवार, रात्री ९.२५

आहेत. तुमचा प्रतिसाद वाचल्यापासून फार अपराधी वाटतंय. मूळ लेख आता बदलता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

शाऊल गोल्डमन, वाइन्त्सुतमधला गुरांचा व्यापारी. गावात या घराला शाल म्हणत. त्याचे चार मुलगे: बारूख, मेखेल, योआखिम आणि मोइझेश. लाकूड कापतानाच्या फोटोत दिसतात ते यांच्यातलेच. मार्कोवातल्या दोघी बहिणी, गोल्डा ग्र्युनफेल्ड आणि लेआ डिडनर, आणि लेआची छोटी मुलगी रेशला.

यांना उल्मांच्या शेजारी वेगळ्या खड्ड्यात पुरलं होतं. १९४७ मध्ये तिथून काढून यागिएव्वा-निएख्चाउकीच्या स्मशानभूमीत नेलं, तिथे नाझींच्या बळींना एकत्र पुरलेलं आहे. उल्मा मार्कोवातच आहेत, गावच्या चर्चमध्ये. मी दोन्ही खेपांना तेवढंच बघून परत आले. यागिएव्वाला जायला प्शेवोर्स्कवरून पुढे जावं लागतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रजा टाकली आहे.